घोडेथांब्यावर मुकी

रविवारी दुपारी मुकी घरी परतली ती म्हातारीच्या मागे, साखळीने बांधलेली.

म्हातारी म्हणजे घरची जुनी डिझेलची कचरागाडी. तिचा आवाज गल्लीच्या तोंडाशी ऐकू येई आणि धूर आवाजाच्या जरा आधी पोचे. मुकी म्हणजे पालिकेने चाचणीसाठी दिलेली विजेची गाडी. पांढरी, गुळगुळीत, चालू आणि बंद या दोन्ही अवस्थांत सारखीच शांत. सकाळी वरच्या वस्तीचा चढ चढता चढता ती दातांच्या डॉक्टरच्या फाटकासमोर थांबली आणि तिच्या पडद्यावर लाल खूण उमटली. सोबतच्या पुस्तिकेप्रमाणे त्या खुणेचा अर्थ ‘वाहन सुरक्षित ठिकाणी उभे करावे’ असा होता. वाहन चढावर, रस्त्याच्या मधोमध, अर्ध्या वस्तीचा कचरा पोटात घेऊन उभे होते.

ओढणाऱ्या म्हातारीचे चाक आबांच्या हातात होते. वयामुळे त्यांना गाडी चालवायला घरातून मनाई होती. परंतु मुकीचे चाक सांभाळायला त्यांचा मुलगा हवा होता आणि म्हातारीचे नखरे आबांखेरीज कोणाला ठाऊक नव्हते, त्यामुळे मनाई एका दुपारपुरती बाजूला ठेवावी लागली. त्या दुपारचा आबांनी पुरेपूर उपभोग घेतला. ते इतके सावकाश आले, की कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्तीवाल्याला स्टूल बाहेर आणून ही मिरवणूक बसून पाहता आली. भेटेल त्या प्रत्येकाला आबांनी हात केला.

मागे मुकीत दादा बसला होता. उभा जन्म गाडी चालवण्यात गेलेल्या माणसाला या वयात बापाने ओढत घरी आणावे, यावर चेहऱ्याने काय करायचे हे त्याला सुचत नव्हते; म्हणून त्याने चेहऱ्याने काहीच केले नाही. त्याची मुलगी रस्त्याच्या कडेने चालत होती. साखळीवर लक्ष ठेवायचे आहे, असे तिने सांगितले होते. साखळीला लक्षाची गरज नव्हती. घराण्यातली ती पहिली पदवीधर. घरात तिला सगळे ‘इंजिनीअर’ म्हणत, आणि त्या शब्दात अभिमान किती व टोमणा किती हे प्रमाण दिवसागणिक बदलत असे. आज ते प्रमाण तिच्या बाजूने नव्हते.

मुकी घरात आली ती इंजिनीअरच्याच हट्टाने. उद्या सोमवारी सकाळी पालिकेचा साहेब गाडीत बसून येणार होता. अट एकच: एका चार्जवर वरच्या वस्तीची पूर्ण फेरी, एकही घर न सोडता. जमले तर वस्तीचे काम घराण्याकडे राहणार. नाही तर ते जाणार एका मोठ्या कंपनीकडे, जिच्याजवळ मुकीसारख्या गाड्या रांगेने उभ्या होत्या. आणि दादाला कंपनीचा टोपीसकट गणवेश घालून, कोणी तरी ठरवून दिलेल्या वस्तीत कोणी तरी ठरवून दिलेल्या वेळी गाडी फिरवावी लागणार.

सारे घर जेवणाच्या टेबलाशी जमले. मुकीला अंगणातल्या खांबाला जोडून चार्जिंगला लावले होते. सकाळपर्यंत ती भरणार होती, पण भरून ती आज सकाळीही निघाली होतीच.

“हिशेबाप्रमाणे फेरी संपल्यावर आठवा हिस्सा उरायला हवा होता,” इंजिनीअर म्हणाली. “चढ, वजन, थांबे, सगळं धरलंय मी. म्हणजे कुठेतरी वीज गेली आहे. ती कुठे गेली, एवढंच शोधायचंय.”

“गळत असेल,” आत्या म्हणाली.

आत्या ही दादाची धाकटी बहीण. लहानपणी अंगाने बारीक म्हणून दादाने तिचे नाव ‘चिमणी’ ठेवले होते. पुढे बारीकपणा गेला आणि आवाज आला, पण नाव तेच राहिले. गाड्या धुणे आणि त्यांची डागडुजी तिच्याकडे असे. वीज पाण्यासारखी गळत नाही, हे इंजिनीअरने तिला समजावून सांगितले. गाडी धुताना आपल्याला बोटाला झिणझिण्या येतात, मग त्या काय पाण्याच्या, असे आत्याने विचारले. झिणझिण्या येत असतील तर ती वेगळी आणि जास्त गंभीर बाब आहे, असे इंजिनीअर म्हणाली. मग आत्याने, झिणझिण्या येतात असे नाही, येऊ शकतील असे वाटते, अशी दुरुस्ती केली.

यानंतर आत्याने मान वळवून आपल्या नवऱ्याकडे पाहिले, आणि तिच्या पाठोपाठ सगळ्यांनी पाहिले.

जावईबापूंना हे अपेक्षित होते. ते त्याच कंपनीच्या कार्यालयात कामाला होते; तक्रारींचे फोन घेत. लग्नानंतर इतकी वर्षे झाली तरी या घरात काहीही बिघडले, की नजरा त्यांच्याकडे वळत. आज मात्र त्यांच्या मनात खरोखरच एक गोष्ट टोचत होती, आणि टोचणारी गोष्ट फार काळ सांभाळण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

“मी स्कूटर चार्ज करतो,” ते म्हणाले. “मुकीच्या सॉकेटवर. रोज संध्याकाळी.”

“केव्हापासून?” दादाने विचारले.

“ती आली तेव्हापासून. पालिकेची वीज आहे, म्हटलं आपल्या घराचं बिल कशाला वाढवा.”

इंजिनीअरने डोळे मिटले. संध्याकाळी मुकी स्वतःच घराच्या खांबाला जोडलेली असते, हे तिने जावईबापूंच्या नजरेस आणून दिले. म्हणजे घराची वीज गाडीत जात होती आणि गाडीतली स्कूटरमध्ये, आणि या दोन्ही प्रवासांत थोडी थोडी उष्णता होऊन वाया जात होती. स्कूटर सरळ भिंतीला लावली असती तर घराचे बिल कमी आले असते. जावईबापूंनी यावर बराच वेळ विचार केला. तरीही फुकट वाटायची, असे ते शेवटी म्हणाले.

“असू दे. निदान खरं बोलले,” दादा म्हणाला. त्याने जावईबापूंची बाजू घेण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. आत्या चमकली. नवऱ्याला बोल लावण्याचा हक्क तिचा होता. भावाने त्याला पाठीशी घातलेले तिला खपत नसे.

पण बांध फुटला होता. आईने, म्हणजे दादाच्या बायकोने, जी मुकीच्या मागच्या पायरीवर उभी राहून डबे रिकामे करी आणि दिवसभरात फारसे बोलत नसे, केबिनमध्ये चहाची विजेची किटली ठेवल्याचे सांगितले. आत्याने आपला केस वाळवायचा पंखा काढून दाखवला. मुकीच्या काचा पुसल्यावर डाग राहू नयेत म्हणून ती तो वापरी, असे ती म्हणाली, आणि तिचे केस त्या वेळी सुंदर फुललेले होते. आबांकडे कोणी पाहिलेही नव्हते, पण मागे राहणे त्यांना आवडत नसे. मुकीच्या खुर्चीत पाठ शेकायची सोय आहे, ती आपण सकाळी तासभर वापरतो, असे त्यांनी जाहीर केले. म्हातारीत अशी सोय नव्हती. तिथे पाठ आपोआप शेकली जाई.

इंजिनीअरने साऱ्यांची बेरीज केली. किटली, पंखा, पाठ. स्कूटर धरायची की नाही यावर थोडा वाद झाला, म्हणून तीही धरली. ही सगळी वीज दातांच्या डॉक्टरच्या फाटकापासून पुढच्या वळणापर्यंत गाडी नेण्याइतकी होती. माथा त्याच्या कितीतरी पुढे होता.

“मग राहिला रस्ता,” ती म्हणाली. “रस्ता इथे मांडूया.”

तिने फळांची परडी टेबलाच्या टोकाला ठेवली, तो माथा. पाव कापायची लांब फळी परडीला टेकवून उतरती लावली, तो चढ. मीठदाणी झाली मुकी. मिरपूडदाणी म्हातारी म्हणून बाजूला उभी करण्यात आली, कारण आबांनी तसा आग्रह धरला. इंजिनीअर मीठदाणी हळूहळू फळीवरून वर नेऊ लागली: दवाखाना, शाळेची मागची भिंत, चष्म्याचे दुकान, त्यापुढे...

दादाचा हात आला आणि त्याने मीठदाणी चष्म्याच्या दुकानापाशी धरून ठेवली.

“बाबा, हा थांबा मी काढलाय.”

“घोडेथांबा काढलास?” आबा म्हणाले.

घोडेथांब्याचा इतिहास या घरात सगळ्यांना पाठ होता, म्हणूनच कोणी त्याच्याकडे इतिहास म्हणून पाहत नसे. आबांचे वडील घोडागाडीतून कचरा गोळा करत. चढाच्या मध्यावर तेव्हा दगडी हौद होता. तिथे घोडा पाणी पिई आणि दम घेई. पुढे घोडा गेला आणि डिझेलची पहिली गाडी आली, पण ती चालवणारा माणूस तोच होता, त्यामुळे तो सवयीने तिथे थांबे. आबा गाडी त्यांच्याकडून शिकले, दादा आबांकडून. हौद काढून तिथे चष्म्याचे दुकान झाले त्यालाही आता पुष्कळ वर्षे लोटली होती. गाडी अजूनही थांबत होती. इंजिनीअरने लहानपणी एकदा, आपण इथे का थांबतो, असे विचारले, तेव्हा आबांनी उत्तर दिले होते: घोडा दमतो. वर्तमानकाळात.

“आबा, घोडा नाहीये,” ती आता म्हणाली.

“म्हणून काय त्याला दमवायचं?” आबा म्हणाले.

यावर टेबलाचे दोन तट पडले. आबा, दादा आणि आत्या थांब्याच्या बाजूने. इंजिनीअर विरोधात, आणि जावईबापू तिच्या बाजूने. आजच्या दिवसात कोणाच्या तरी बाजूला असण्याची त्यांना गरज होती. आई ताटे उचलू लागली. थांबल्याने वीज खर्च होत नाही ना, असे आत्याने विचारले. नुसते थांबल्याने होत नाही, हे इंजिनीअरला कबूल करावे लागले. पण जे कारणाशिवाय होते ते यादीत ठेवणे तिच्या तत्त्वात बसत नव्हते. आत्या त्वेषाने काही बोलायला पुढे झुकली, तिच्या कोपराने चमचा खाली पडला, आणि तो उचलायला ती टेबलाखाली गेली.

तिथून ती लवकर वर आली नाही.

टेबलाखालचे जग आत्याने बरेच दिवसांत पाहिले नव्हते. आबांच्या पायांत वेगवेगळे मोजे होते. नवऱ्याने बूट काढून ठेवले होते. आणि दादाचा उजवा पाय, टाच टेकलेली, चवडा फरशीवर असा दाबून बसला होता की बोटांची नखे पांढरी पडली होती. आत्या मेकॅनिक होती. तिने वर हात करून फळीवरची मीठदाणी जराशी खाली ढकलली. पाय आणखी दाबला गेला.

“दादा,” ती टेबलाखालूनच म्हणाली, “तू कशावर पाय देऊन बसलायस?”

पाय तसाच दाबलेला राहिला.

“ब्रेक मधे असतो. हा पाय उजवीकडे आहे. तू चढावर गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर धरून ठेवतोस?”

म्हातारीचा हँडब्रेक गेली कित्येक वर्षे शोभेपुरता होता. तिला चढावर उभी करायची तर क्लच अर्धा सोडून, अ‍ॅक्सिलरेटर दाबून, दोहोंच्या मधे तोलून धरावी लागे. दादाला ही कला अशी अवगत होती, की तो ती करतो आहे हे त्याचे त्यालाही कळत नसे. मुकीत क्लचच नव्हता. पण पायाला ते कोणी सांगितले नव्हते.

इंजिनीअरच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. वस्तू जागची हलली नाही तर काम झाले नाही, असे भौतिकशास्त्र मानते. या व्याख्येप्रमाणे दादाने घोडेथांब्यावर काडीचेही काम केले नव्हते. मोटरचे मत वेगळे होते. ती उभ्या जागी एवढ्या धुडाला तोलत, तापत, वीज खात राहिली होती.

“किती वेळ, बाबा?”

दादाचा डावा हात नकळत मांडीशेजारी काही तरी खाली ओढून पुन्हा सोडत होता. आता तोही आत्याला दिसला, कारण ती वर आली होती.

“आणि हा दट्ट्याचा दांडा,” ती म्हणाली. दट्ट्या म्हणजे गाडीच्या पोटातला कचरा दाबणारी लोखंडी भिंत. मुकीत सर्वांत जास्त वीज तिलाच लागे. “रिकामा दट्ट्या चालवत बसतोस? तिथे दाबायला असतं काय?”

पुढची पाच-सात वाक्ये आत्या एकटीच बोलली. मुकी बंद पडली तेव्हा सगळ्यांनी गळतीची थट्टा केली, नवऱ्याकडे पाहिले, तिचा केसांचा पंखा टेबलावर मांडायला लावला. आणि हा मोठा भाऊ सगळे ठाऊक असून मीठदाणी धरून बसला होता. ती थांब्याच्या बाजूने होती हे ती या दरम्यान विसरली. बंद करा तो थांबा, असे तिने शेवटी सांगितले.

“आत्या, थांब,” इंजिनीअर म्हणाली. “बाबा, दट्ट्या का?”

दादाने मीठदाणी फळीवरून उचलून टेबलावर सपाट जागी ठेवली. मग तो बोलला, आणि तो लेकीशी बोलला.

“कोणी बाहेर येत नाही गं. म्हातारी घोडेथांब्याला आली की आवाजाने वरच्या वस्तीला कळायचं. मी चढ संपवेपर्यंत डबे दारात. आता मी येतो, जातो, कोणाला पत्ताच नसतो. गाडी आलीये हे माझं मलाच खोटं वाटतं. दट्ट्या तेवढा वाजतो. तो वाजवला की एखादी खिडकी उघडते. म्हणून थांबायचं, वाजवायचं. पुढच्या वळणावर परत थांबायचं, परत वाजवायचं.”

“मला का नाही सांगितलंत?”

“तू इतकी खूश होतीस, आवाज नाही म्हणून.”

इंजिनीअरने हिशेबात चढ धरला होता, वजन धरले होते. लोकांना गाडी आलेली कळेल कशी, हे धरले नव्हते. ती उठली आणि बापाच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. आता टेबलावर त्या दोघांचा एक तट होता आणि बाकीच्यांना नवा तट कोणाविरुद्ध करायचा हे कळेना.

उपाय पुष्कळ निघाले. जावईबापूंनी भोंगा सुचवला. पण वरच्या वस्तीत भोंग्याला बंदी होती, आणि भोंग्याबद्दलच्या तक्रारींचे फोन तेच घेत. आत्याने पत्र्याचे पिंप बडवण्याची तयारी दाखवली. सर्वांत दीर्घ चर्चा झाली ती आबांच्या सूचनेवर. मुकीच्या पुढे म्हातारी चालवावी, ती आबा चालवतील. म्हातारीच्या आवाजाने लोक बाहेर येतील आणि मागून येणाऱ्या मुकीत कचरा टाकतील. हे सर्वांना इतके सोयीचे वाटले, की ते मंजूर होण्याच्या बेतात होते. धूर टाळण्यासाठी आणलेल्या गाडीपुढे धूर सोडणारी गाडी चालवायची, आणि तीही साहेबाच्या डोळ्यांदेखत, असे इंजिनीअरने हळू आवाजात म्हणून पाहिले. धूर पुढे जाईल, साहेब मागे असेल, असे आबांचे म्हणणे पडले.

“उद्याचं उद्या,” आईने फळी उचलत म्हटले. “ह्यांनी हँडब्रेक लावायचा. दट्ट्याला हात लावायचा नाही. झोपा आता थोडा वेळ सगळे.”

सोमवारी सकाळी साहेब आला तो सर्दी घेऊन. त्याच्या खिशात खोकल्याच्या गोळ्या होत्या आणि तोंडात एक. तो केबिनमध्ये दादा आणि इंजिनीअर यांच्या मधे बसला. आई मागच्या पायरीवर. आत्या पिंप घेऊन येणार नाही अशा बोलीवर पायी आली. आबांना घरी थांबा असे सांगितले होते; पहिल्या वळणावर ते जावईबापूंच्या स्कूटरवर मागे बसलेले दिसले. स्कूटर भिंतीवर चार्ज केली होती.

खालच्या गल्ल्या सुरळीत पार पडल्या. तिथे दुकाने उघडी असतात, माणसे रस्त्यावर असतात, गाडी दिसते. शाळेची भिंत मागे पडली आणि खरा चढ सुरू झाला. दोन्ही बाजूंनी उंच कुंपणे, बंद खिडक्या, ओढलेले पडदे. चष्म्याच्या दुकानासमोर दादाने गाडी थांबवली आणि हँडब्रेक ओढला. तो ओढताना त्याचा खांदा अवघडला, पण त्याने ओढला. उजवा पाय उचलून त्याने डाव्या पायावर ठेवला.

सगळीकडे शांतता. साहेबाच्या तोंडात गोळी दातांवर वाजली.

इंजिनीअर पडद्याकडे पाहत होती. चढाने मोटरचे तापमान चढत चढत पिवळ्या पट्ट्यात गेले होते. आता गाडी उभी होती, आणि आकडा एक एक करून खाली उतरत होता. वजन तेवढेच, चढ तोच, आणि तो चढताना जे तापते ते तापतेच, मग त्याला पाय असोत की चाके. अर्ध्या वाटेवर थोडे थांबले की पुढचा चढ सोपा जातो. तिला हे तिच्या पदवीने शिकवले होते. फक्त हौदाशी जोडून शिकवले नव्हते. तिने मनातल्या मनात यादीत एक थांबा परत लिहिला.

पण दारात एकही डबा नव्हता.

दादाचा डावा हात दट्ट्याच्या दांड्याकडे गेला. त्याने उजव्या हाताने तो पकडून मांडीवर ठेवला. घर सोडायचे नाही ही अट होती, आणि समोर सगळीच घरे सुटत होती. दातांच्या डॉक्टरचे फाटक इथून दिसत होते.

“लोक सहकार्य करत नाहीत वाटतं,” साहेब म्हणाला.

आत्या केबिनच्या खिडकीशी आली. “चल ना, दादा.”

“थांब जरा.”

“कशासाठी? घोडा कुठाय?”

“काल तूच म्हणत होतीस, थांबा पाहिजे म्हणून.”

“काल मला तुझा पाय दिसला नव्हता.”

“माझ्या पायाचं साहेबांसमोर काढू नकोस, चिमणे.”

आत्या हळू बोलत होती, असे तिला वाटत होते. तिला चिमणी म्हटलेले चारचौघांत आवडत नसे. साहेबांना सगळे कळलेले बरे, असे ती म्हणाली; गाडीचे वाटोळे कोण करतो तेही आणि लहानपणी म्हातारीचा आरसा फोडून कोणाच्या नावावर घातला तेही. आरसा तूच फोडलास, असे दादा म्हणाला. आता त्याचाही आवाज चढला. डिझेलच्या इंजिनावरून बोलण्यात ज्यांची हयात गेली, त्या दोघांचे आवाज मुकीच्या शांततेत पहिल्यांदाच मोकळे सुटले होते, आणि ते किती मोठे आहेत हे आजवर त्यांनाही ठाऊक नव्हते.

पहिली खिडकी चष्म्याच्या दुकानावरची उघडली. मग समोरची.

जावईबापू समेट करायला स्कूटरवरून उतरले आणि, आरसा कोणी फोडला यापेक्षा तो भरून कोणी दिला हे महत्त्वाचे, असे एक वाक्य बोलून दोन्ही बाजूंच्या तावडीत सापडले. आरसा मीच फोडला, असे आबा स्कूटरवरून सांगत होते. त्यांच्याकडे कोणी लक्ष देत नव्हते.

आईने पायरीवरून पाहिले. एक बाई फाटकापाशी आली. भांडण उघड उघड ऐकत उभे राहणे तिला प्रशस्त वाटेना, म्हणून ती आत जाऊन कचऱ्याचा डबा घेऊन आली. तिला पाहून शेजारचा माणूस डबा घेऊन आला. दातांचा डॉक्टर ब्रश तोंडात धरून दोन डबे घेऊन आला, त्यांतला एक बहुधा रिकामाच होता. आईने एकेक डबा घेतला, उलटा केला, परत दिला, आणि गाडीच्या पत्र्यावर हाताने थाप मारली. पुढे चला, अशी ती खूण होती. दादाने भांडता भांडता हँडब्रेक सोडला.

गाडी चालू लागली, आणि आत्या तिच्या बरोबरीने चालत, मुद्दा न सोडता. चढाच्या प्रत्येक वळणावर नवी दारे उघडत होती. खिडकीकडची खोली लहानपणी कोणाला मिळाली, हा विषय शेवटच्या वळणापर्यंत पुरला. माथ्यावर आले तेव्हा एकही घर राहिले नव्हते आणि आत्याचा घसा बसला होता. दट्ट्या पोट भरल्यावर एकदाच, नियमाप्रमाणे, चालला.

उतारावर दादाने पाय काढून घेतला. भरलेली गाडी आपल्याच वजनाने खाली येऊ लागली, मोटर उलटी फिरून वीज परत साठवू लागली, आणि पडद्यावरचा बॅटरीचा आकडा वाढायला लागला. इंजिनीअरने बापाला बोटाने तो दाखवला. दादाने एकदा पाहिले, मग रस्त्याकडे पाहिले, मग पुन्हा एकदा पाहिले.

अंगणात साहेब खाली उतरला. बॅटरी उरली होती, घरे सगळी झाली होती. त्याला दोनच शंका होत्या. पहिली म्हणजे, चढाच्या मध्यावर गाडी उगीचच का थांबवली होती?

आबा तोंड उघडणार होते.

“घोडा दमतो, साहेब,” इंजिनीअर म्हणाली. आणि मग, तो पाहतच राहिला म्हणून, मोटरच्या तापमानाचे थोडक्यात सांगितले. आबांनी मान डोलावली. तापमानाचे त्यांना माहीत नव्हते, पण बाकीचे बरोबर होते.

साहेबाने नवी गोळी तोंडात टाकली. लोक असे आपण होऊन दारात येताना त्याने इतर कोठेही पाहिले नव्हते. कंपनीच्या गाड्यांच्या मागे तर माणसे धावतात. काम तुमच्याकडेच ठेवायला त्याची हरकत नव्हती. फक्त दुसरी शंका राहिली होती. त्याने मागे वळून पाहिले. नळापाशी, बसलेल्या घशाने, आत्या दादाला आरशाबद्दल शेवटचे काही तरी सांगत होती.

“हे रोज होईल ना?”

आईने पायरीवरून उतरून हातमोजे काढले.

“त्याची काळजी करू नका, साहेब,” ती म्हणाली. “त्यांना चार्ज करावं लागत नाही.”